सव्वा कोटीच्या पगारात काय काय येतं?

*ताई, नमस्कार.*

*१९९९ साली एम.एस.साठी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला आलो आणि मग कोलंबस सुटलंच नाही. आता कोलंबसशेजारच्या डब्लिनला घर आहे, नोकरी आहे, मराठी मंडळ आहे आणि शनिवारी बकाय्ज, म्हणजे ओहायो स्टेटची अमेरिकन फुटबॉलची टीम आहे. फुटबॉलची दोन सीझन तिकिटं घेतो. दुसरं तिकीट आधी बायकोचं असायचं, मग मुलीचं झालं. ती शाळेत असल्यापासून माझ्याबरोबर स्टेडियमला येते. आता ओहायो स्टेटलाच दुसऱ्या वर्षाला आहे.*

*३१ डिसेंबरला कॉटन बोलमध्ये मायामीने आम्हाला २४-१४ हरवलं. त्याआधी ६ डिसेंबरला इंडियानाने १३-१०. जवळजवळ अख्खा सीझन पहिल्या नंबरवर काढायचा आणि शेवटच्या दोन्ही मोठ्या मॅच घालवायच्या! त्या रात्री माझा ताबा सुटला. कोच रायन डेच्या घरच्यांचा एक जुना फोटो समोर आला, त्याखाली मी लिहिलं की सामान बांधायला घ्या, आणि मुलांनाही सांगून ठेवा की तुमच्या बाबाला मोठ्या मॅच जमत नाहीत. शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. मुलीच्या मैत्रिणीने ते पाहिलं आणि तिला पाठवलं. मुलगी खाली आली, "बाबा, हे तू लिहिलंस?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी अर्धवट टाकून कॅम्पसवर निघून गेली. तेव्हापासून माझे फोन घेत नाही. आईशी बोलते.*

*कॉमेंट मी काढून टाकली. पण ताई, माझं म्हणणं असं आहे की या माणसाला वर्षाला सव्वा कोटी डॉलर मिळतात, तेही आमच्यासारख्यांच्या पैशातून. टीका ऐकायचेच पैसे आहेत ते. शिवाय तो स्वतः टीका कुठे सहन करतो? नोत्र दामचे जुने कोच लू होल्ट्झ यांच्यासारख्या म्हाताऱ्या माणसावर टीव्हीसमोर कसा धावून गेला, ते सगळ्यांनी पाहिलंय. डेबद्दल माझं चुकतंय का? आणि मुलीला हे कसं समजावू?*

*— एक बकाय, डब्लिन (ओहायो)*

तुमच्या पत्रात फुटबॉल जास्त आहे आणि मुलगी कमी. तेव्हा आधी फुटबॉलचंच बोलू, म्हणजे तो विषय बाजूला होईल. मी क्लीव्हलँडच्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत आणि आमच्याकडे मिशिगनमध्ये शिकलेला एक जावई आहे, त्यामुळे या बाबतीत मला पुस्तकी समजू नका.

रायन डेबद्दल तुमचं सगळंच चुकतंय असं नाही. तो चांगला कोच आहे याबद्दल वाद नाही. मायामीची मॅच धरून त्याच्या नावावर ८२ विजय आहेत आणि फक्त १२ पराभव. पण कोलंबसमध्ये हिशोब असा होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे नोव्हेंबरातला एक शनिवार, मिशिगनविरुद्धच्या मॅचचा, वेगळा मोजतात, आणि त्या खात्यात डेचे दोन विजय आणि चार पराभव आहेत. २०२१ ते २०२४, सलग चार. त्यातला शेवटचा तर कुणालाच पटण्यासारखा नव्हता. ३० नोव्हेंबर २०२४ला मिशिगन पाच पराभव खिशात घालून कोलंबसला आलं होतं. ओहायो स्टेट तीन टचडाउनांच्या आसपास, म्हणजे साधारण वीस गुणांच्या फरकाने जिंकेल असा बाजाराचा अंदाज. तुमच्याकडे देशातले सर्वोत्तम रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, आणि मिशिगनचं बळ कुठे, तर बचावफळीच्या बरोब्बर मध्ये, ग्रॅहम आणि ग्रँट या दोन डोंगरांत. आणि ओहायो स्टेटने दुपारभर काय केलं? पास टाकण्याऐवजी चेंडू घेऊन त्याच डोंगरांवर डोकं आपटलं. धावून मिळाले ७७ यार्ड. दोन पास मिशिगनने पळवलेले, दोन फील्ड गोल हुकलेले, स्कोअर १३-१०. त्या दिवशी प्ले, म्हणजे पुढची चाल, ठरवण्याचं काम चिप केली या सहायक कोचकडे होतं हे खरं. डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू असताना ज्यांच्या हाताखाली शिकला, तेच हे केली. पण मुख्य कोचने 'ते माझं खातं नव्हतं' म्हणायचं नसतं, आणि डेने तसं म्हटलंही नाही. तेव्हा त्या दुपारी स्टेडियममध्ये लोकांनी आरडाओरडा केला, तर मला त्यात काही गैर वाटत नाही. तिकीट काढलंय, थंडीत बसलोय, समोर डोळ्यांना दिसतंय की हे चालत नाहीये आणि तरी तेच चाललंय. माणूस ओरडणारच.

कॉटन बोलचंही तसंच. आक्रमण सांभाळणारा सहायक कोच साउथ फ्लोरिडाला मुख्य कोच म्हणून निघालेला, म्हणून प्ले ठरवण्याचं काम डेने स्वतःकडे घेतलं, आणि पहिल्या हाफमध्ये टीमचा गुणफलक कोरा. हा निर्णय बरोबर होता का, हा अगदी रास्त प्रश्न आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही विचारला असता.

आता यावर तुमच्या मुलीच्या वयाची मुलं काय म्हणतात ते मला माहीत आहे. ती म्हणतात, त्याने नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिली ना, मग गप्प बसा. मिशिगनकडून हरल्यावर तीनच आठवड्यांनी, प्लेऑफमध्ये, त्याच स्टेडियममध्ये टेनेसीचे हजारो लोक केशरी कपडे घालून बसलेले असताना, डेच्या टीमने त्यांना ४२-१७ झोडपलं. मग रोझ बोलमध्ये ओरेगन ४१-२१, कॉटन बोलमध्ये टेक्सस २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ला अटलांटात फायनलमध्ये नोत्र दाम ३४-२३. ज्याला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरातून हाकलायला निघाले होते, त्याच्या हातात जानेवारीत ट्रॉफी. फेब्रुवारीत त्याला नवा करार मिळाला, सात वर्षांचा. तुम्ही म्हणता ते सव्वा कोटी त्यातलेच.

पण हा बचाव मला अजिबात पटत नाही, आणि तुम्हीही त्याच्याशी वाद घालत बसू नका. ३० नोव्हेंबरचा डाव जानेवारीत ट्रॉफी मिळाली म्हणून चांगला ठरत नाही. आणि त्या आठवड्यात लोकांनी डेच्या घराबाबत जे केलं, ते टेनेसीकडून ओहायो स्टेट हरलं असतं तरी तितकंच वाईट राहिलं असतं. कोच जिंकला की टीकाकार चुकीचे आणि हरला की बरोबर, असा हिशोब लावला, तर मायामीच्या रात्री तुम्ही जे लिहिलंत तेही बरोबर ठरतं. तुमच्या पत्राचा सूर नेमका तोच आहे. इंडिआना आणि मायामीचे स्कोअर तुम्ही मला पुराव्यासारखे दिले आहेत. ते पुरावे आहेत, पण दुसऱ्याच खटल्याचे.

त्या आठवड्यात काय झालं होतं, ते तुम्ही कोलंबसमध्ये राहून विसरला असाल असं वाटत नाही. डेच्या कुटुंबाला धमक्या आल्या. घरावर पहारा बसवावा लागला. त्याला तीन मुलं आहेत आणि ती त्याच गावातल्या शाळांमध्ये जात होती. कर्क हर्बस्ट्रीट हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. ओहायो स्टेटचा माजी क्वार्टरबॅक, टीव्हीवरचा कॉलेज फुटबॉलचा सगळ्यांत ओळखीचा आवाज, त्याचे वडीलसुद्धा बकाय्जचे कॅप्टन होते. त्याने या लोकांना उघडपणे माथेफिरू म्हटलं. तो उगाच बोलत नव्हता. हाच हर्बस्ट्रीट २०११मध्ये कोलंबस सोडून नॅशव्हिलला राहायला गेला. टीव्हीवर निःपक्षपाती बोलतो म्हणून स्वतःच्याच गावातले मूठभर लोक घरच्यांना सुखाने जगू देईनात, असं त्याने सांगितलं होतं. विचार करा, ज्या माणसाला त्या गावाने डोक्यावर घ्यायचं, तो गाव सोडून गेला.

तुम्ही म्हणाल, मी त्यातला नाही. शिवी नाही, धमकी नाही. मान्य. पण फोन हातात धरून फोटो बघणाऱ्या डेच्या बायकोला तुमची कॉमेंट एकटी दिसत नाही. ती शंभरातली एक म्हणून येते. आधीच्या नव्याण्णवांत काय काय असतं, याची तुम्हाला कल्पना नसेल, तिला असते. आणि 'सामान बांधा' हे घरावर पहारा बसवावा लागलेल्या माणसांना कसं ऐकू येतं, हे कोथरूडच्या एखाद्या गप्पांच्या अड्ड्यावर बसून ठरवता येणार नाही.

आता पगार. याचं उत्तर द्यायला मला मजा येणार आहे, कारण हा मुद्दा प्रत्येक वेळी येतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच मांडला जातो.

सव्वा कोटी डॉलर कशाचे मिळतात? मॅच जिंकायचे. हरल्यावर माइकसमोर बसून, तोच प्रश्न चार वेगवेगळ्या लोकांनी विचारला तरी, उत्तर द्यायचे. एक लाखाहून जास्त माणसं बसतात त्या स्टेडियममध्ये त्यांचा आवाज ऐकून घ्यायचे. पेपरात रोज अक्कल निघते ती वाचायचे. आणि शेवटी, नोकरी जाण्याचे. हे शेवटचं कोलंबसमध्ये काही तोंडदेखलं नाही. अर्ल ब्रूस या कोचला १९८७मध्ये मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात सोमवारी काढलं. त्याची टीम शनिवारी डोक्याला त्याच्या नावाच्या पट्ट्या बांधून ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगनच्या गावी, उतरली आणि २३-२० जिंकली, तरी नोकरी गेली ती गेलीच. जॉन कूपरने ओहायो स्टेटला १११ मॅच जिंकून दिल्या, पण मिशिगनविरुद्ध तेरा वर्षांत दोनच, आणि २००१च्या जानेवारीत त्याला घरी पाठवलं. त्याच्या जागी आलेल्या जिम ट्रेसलने पहिल्याच भाषणात ॲन आर्बरच्या मॅचला किती दिवस राहिलेत ते मोजून सांगितलं. तुम्ही आलात १९९९ला, म्हणजे कूपरचे शेवटचे दोन सीझन तुमच्या डोळ्यांदेखत गेले. खेळ तुम्ही तेव्हाच शिकलात आणि त्याबरोबर हा कडवटपणाही शिकलात, असं मला आपलं उगाच वाटतं.

तर या सगळ्याचे पैसे मिळतात आणि डे ते सगळं सोसतो. पण त्या करारावर त्याच्या बायकोची सही नाही. मुलांची तर नाहीच नाही. तुम्ही ज्याला 'टीका ऐकायचे पैसे' म्हणता, त्यातला एक डॉलरही कुणी त्यांच्या नावाने ठरवलेला नाही. आणि जाता जाता, ते पैसे तुमच्या कराचे आहेत असं म्हणायचं असेल तर तसं नाही. ओहायो स्टेटचा क्रीडाविभाग मुख्यतः तिकिटं, टीव्हीचे करार आणि देणग्या यांवर चालतो. तुमची दोन तिकिटं त्यात आहेत, हे खरं. तो तुमचा हक्क असेल तर तो वापरायच्या जागाही आहेत. रॉस ब्योर्कने, म्हणजे क्रीडाविभागाच्या प्रमुखानेच, डेला जाहीर पाठिंबा दिला होता. त्याला कडक पत्र लिहा. तिकिटं परत करा. स्टेडियममध्ये ओरडा. मंडळाच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत प्ले-कॉलिंगवर भांडा, फक्त बाकीच्यांची झोप सांभाळून.

आपल्याकडे हा फरक लोकांना कळत नाही असं नाही. २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याला जी हुर्यो मिळाली, ती तुम्ही पाहिली असेल. संजय मांजरेकरने टॉसच्या वेळी माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगितलं, तरी ऐकेनात. मला तो प्रकार आवडला नव्हता. पण तो मैदानातला होता, रोहितला काढून याला कॅप्टन केलं त्या निर्णयाबद्दलचा होता, आणि जूनमध्ये बार्बाडोसला शेवटची ओव्हर टाकून झाल्यावर त्याच वानखेडेने त्याच्या नावाचा जयघोष केला. ते मिटलं. उलट २०२१मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला पाकिस्तानकडून हरल्यावर विराट कोहलीच्या वर्षाचीही न झालेल्या मुलीला धमकी दिली गेली, तेव्हा मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एका तरुण इंजिनिअरला पकडून आणलं. शिकलासवरलेला मुलगा. तुम्ही जे लिहिलंत ते त्याच्या जवळपासही नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण मॅच संपली की राग कोचवरून घसरून त्याच्या घराकडे जातो, ती वाट एकच आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही सवय शिकलेल्यांना नसते, असा तुमचा समज असेल तर तो सोडा.

एक आगाऊ प्रश्न विचारते, रागावू नका. त्या मॅचवर पैसे लावले होते का? तुम्ही लिहिलेलं नाही, मीही धरून चालत नाही. पण ओहायोमध्ये १ जानेवारी २०२३पासून मोबाइलवर पैज लावता येते, आणि त्यानंतर खेळाडूंना येणारे निरोप इतके गलिच्छ झाले की खेळाडूला धमकावणाऱ्याला पैजेतून हद्दपार करायची सोय राज्याने कायद्यात केली. कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावणंही २०२४मध्ये बंद केलं. पैसे गेल्याचा राग आणि टीम हरल्याचा राग बाहेरून सारखाच दिसतो. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर पत्नीला सांगा, आणि मला पुन्हा लिहा, तो वेगळा विषय आहे.

राहिला मुद्दा, डे स्वतः टीका सहन करत नाही हा. होल्ट्झची गोष्ट खरी आहे. सप्टेंबर २०२३, साउथ बेंड, नोत्र दामचं मैदान, एक सेकंद शिल्लक असताना टचडाउन करून ओहायो स्टेट १७-१४ जिंकलं, नोत्र दामचे तर त्या वेळी मैदानात अकराऐवजी दहाच खेळाडू होते. आणि डे आनंद करायचा सोडून टीव्हीवर ओरडला, लू होल्ट्झ आत्ता कुठे आहेत ते मला बघायचंय. होल्ट्झ तेव्हा ८६ वर्षांचे. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं की ओहायो स्टेट मोठ्या मॅचमध्ये अंगाने कमी पडतं. आता होल्ट्झ काही परके नव्हते, १९६८च्या बकाय्जच्या चॅम्पियन टीमबरोबर ते तेव्हाचे कोच वुडी हेज यांचे सहायक होते. डेचं ते वागणं मला पोरकट वाटलं. टीका झोंबली की त्याचा तोल जातो, हे तुमचं निरीक्षण मी मान्य करते.

पण बघा, डे भांडला तो होल्ट्झशी. होल्ट्झ जे बोलले ते बोलणाऱ्या होल्ट्झनाच उत्तर दिलं. त्यांच्या नातवंडांच्या फोटोखाली जाऊन नाही. पोरकटपणाचीसुद्धा एक हद्द असते, आणि तुमच्या दोघांपैकी ती कुणी ओलांडली ते तुम्हीच ठरवा.

२०२४च्या मिशिगनच्या मॅचआधी डे एका मुलाखतीत बोलून गेला की वडिलांचं जाणं आणि आणखी एकदोन गोष्टी सोडल्या, तर मिशिगनकडून हरणं ही आमच्या घरावर आलेली सगळ्यांत वाईट गोष्ट आहे. यावरून त्याची भरपूर टिंगल झाली, तुम्हीही केली असेल. मॅचची तुलना मरणाशी करतो म्हणून. मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं, कारण त्याचे वडील कसे गेले ते मला माहीत होतं. तो लहान असताना त्यांनी आत्महत्या केली. पुढे २०१९मध्ये त्याने आणि पत्नीने कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केला. तो माणूस म्हणत होता की या मॅचचा परिणाम माझ्यापाशी थांबत नाही, तो घरात येतो. त्यानंतर काहीच दिवसांत तो खरोखरच घरात आला.

म्हणून तुमच्या त्या ओळीतला उत्तरार्ध मला जास्त लागला. सामान बांधा, हे ठीक, शंभर जण लिहितात. पण तुम्ही मुलांना उद्देशून लिहिलंत, की तुमच्या बाबाला जमत नाही. एका बाबाबद्दल त्याच्या मुलांना लिहिलंत आणि वाचलं तुमच्या मुलीने. ती रायन डेची बाजू घेते आहे असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तुम्ही माझ्याकडून स्कोअर आणि पगाराचे मुद्दे गोळा करताय. मला नाही वाटत तिला डेचं काही पडलंय. ज्याच्याशेजारी बसून ती लहानपणापासून मॅच बघत आली, तो हरल्यावर कुठपर्यंत जाऊ शकतो, हे तिने पहिल्यांदा लेखी पाहिलं. आणि तेही स्वतः न शोधता, मैत्रिणीकडून. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्यात जी लाज वाटते, ती तुम्ही गणितात धरलेली दिसत नाही.

शिवाय ती आता त्याच कॅम्पसवर आहे. मायामीविरुद्ध ज्याचा पास पळवून त्यांनी टचडाउन केला, तो क्वार्टरबॅक साधारण तिच्याच वयाचा. इंडिआनाच्या मॅचमध्ये ज्याचा फील्ड गोल हुकला, तोही विद्यार्थीच. तुम्हाला टीव्हीवर जर्सी दिसतात, तिला लायब्ररीबाहेर रांगेत उभी असलेली मुलं दिसतात. त्यांच्या फोनवर काय येतं, हे त्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक असतं. आजवर ते लिहिणारे तिच्या दृष्टीने कुणीतरी अनोळखी, बिनचेहऱ्याचे लोक होते.

तेव्हा 'समजावू कसं' हा प्रश्न काढून टाका. समजावायचं काही नाही. तुम्हाला माफी मागायची आहे, आणि ती कशी मागू नये ते आधी सांगते. 'तुला वाईट वाटलं असेल तर' नको. 'मी रागात होतो' नको, ते तिला माहीत आहे. 'काढून टाकली ना' तर अजिबात नको, कारण ती कॉमेंट तुम्ही चूक कळली म्हणून काढली की पकडले गेलात म्हणून, हे तिला अजून समजलेलं नाही. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी समजलंय का? पत्रात तुम्ही ती काढल्याचं एका ओळीत सांगता आणि पुढची चार वाक्यं ती कशी रास्त होती हे सांगण्यात घालवता.

फोन ती घेत नाही, तर फोन करू नका. लिहा. इंग्रजीत लिहा किंवा मराठीत, ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता त्या भाषेत. चार-पाच ओळी पुरे. मी काय लिहिलं ते जसंच्या तसं लिहा, गुळमुळीत करू नका. मी ते मुलांना उद्देशून लिहिलं, ते चूक होतं. तुला ते मैत्रिणीकडून कळावं लागलं, त्याची मला लाज वाटते. उत्तर द्यायची घाई नाही. एवढंच. डेचं नाव त्यात एकदाही येऊ देऊ नका. प्ले-कॉलिंग, करार, होल्ट्झ यातलं काहीही त्या पत्रात शिरलं, की ती पहिल्याच ओळीला थांबेल, आणि तिचं बरोबर असेल.

डे कुटुंबाला माफीचा निरोप पाठवायचा मोह होईल. नका पाठवू. तुमच्या मनाचा भार हलका करायला त्यांच्या फोनवर आणखी एक अनोळखी माणूस कशाला? त्या हॉस्पिटलच्या निधीला चार पैसे द्यावेसे वाटले तर जरूर द्या, चांगलं काम आहे. दिलेत तर त्याची पावती मुलीला पाठवू नका.

सप्टेंबरात पुन्हा सीझन सुरू होईल, आणि नोव्हेंबरात मिशिगन कोलंबसला येईल. त्याची तयारी आत्ताच करून ठेवा, कारण तुम्ही त्या दिवशी शांत राहाल असं मला वाटत नाही आणि तुम्हालाही वाटत नसणार. शेवटच्या क्वार्टरपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. ओरडायचं ते टीव्हीवर ओरडा. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावरही जे लिहावंसं वाटेल ते स्वतःच्या पूर्ण नावाने, ब्योर्कच्या ऑफिसला लिहा. बहुतेक वेळा लिहावंसं वाटणार नाही. वाटलं तर ते वाचण्यासारखं असेल.

आणि एक, पत्नीला मध्ये घालू नका. मुलगी आईशी बोलते, म्हणजे घराशी तिचा धागा तुटलेला नाही, तो तसाच राहू द्या. 'तिला जरा सांग ना माझ्या वतीने' असं तुम्ही आत्तापर्यंत दोन-तीनदा तरी म्हणून झालं असणार. ते बंद करा. मुलीने आईला विचारलं, की बाबा काय म्हणतो, तर पत्नीने खरं काय ते सांगावं. आजच्या तारखेला खरं काय आहे, तर बाबा अजून वाद घालतोय. ते पत्र पाठवल्यावर सांगण्यासारखं काहीतरी वेगळं असेल. तिने दोन आठवडे उत्तर नाही दिलं तर दुसरं पत्र लिहू नका. सेमिस्टर चालू आहे, तिला तिचं वेळापत्रक आहे, आणि सुट्टीत घरी यायची वेळ तिची ती ठरवेल.